लेझर हिवाळ्यात की उन्हाळ्यात? आधी घड्याळाचा पट्टा काढून पाहा

प्रश्न थोडक्यात असा. वय २७, वर्ण गव्हाळ, केस काळे आणि जाड. पाय आणि काखा, दोन्हींचं लेझर करायचंय. उन्हाळा सुरू व्हायला साधारण दोन महिने उरलेत. एका क्लिनिकमध्ये सांगितलं, "लेझर हिवाळ्यातच करायचं असतं, आता पुढच्या थंडीत या." दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "असं काही नसतं हो, उद्यापासून सुरू करू." रोज सकाळी मोकळ्या मैदानावर तासभर धावणं असतं, उन्हाळ्याच्या मध्यावर आठवडाभर समुद्रकिनारी जायचं ठरलंय, आणि गेल्याच आठवड्यात पायांचं वॅक्सिंग झालंय. तर आता सुरू करायचं की थांबायचं?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि केसांचं लेझर सोळा वर्षं स्वतःच्या हाताने करते आहे. हा प्रश्न दरवर्षी थंडी संपत आली की येतोच. माझं उत्तर आधी सांगून टाकते: काखा आताच सुरू करा, पाय उन्हाळा सरल्यावर. एकाच बाईला दोन उत्तरं कशी, हे पटायला थोडं आत शिरावं लागेल. आणि तुमची त्वचा मी पाहिलेली नाही, ही अट माझ्या प्रत्येक वाक्यामागे आहे असं धरा.

लेझरला केस कळत नाही, रंग कळतो. केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला आणि त्वचेला रंग देणारं द्रव्य, लेझरचा प्रकाश शोषतं, त्याची उष्णता होते, ती मुळापाशी पसरते आणि नवा केस घडवणाऱ्या पेशींना निकामी करते. आजूबाजूला फारसं न भाजता नेमकं रंगाचं लक्ष्य तापवायचं, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली मांडलं. केसांची सगळी लेझर यंत्रं त्याच्यावरच चालतात. अडचण एवढीच, की मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असतं आणि प्रकाशाला केसापर्यंत जायचं तर त्याच थरातून जावं लागतं. तिथला रंग जितका गडद, तितका प्रकाश वाटेतच अडतो. म्हणजे नुकसान दुहेरी: वर चटका आणि खाली केस तसाच.

आम्ही ह्यातून वाट काढतो ती तीन गोष्टींनी. पल्स, म्हणजे प्रकाशाचा एकेक झोत, लांब ठेवायची, कारण त्वचेचा वरचा थर काही मिलिसेकंदांत निवतो, जाड केस त्याच्या कितीतरी पट वेळ तापलेला राहतो. यंत्राची त्वचेला टेकणारी टिप गार ठेवायची किंवा गार वारा सोडायचा. आणि जास्त तरंगलांबीचं यंत्र वापरायचं, कारण तरंगलांबी वाढते तसं मेलॅनिन प्रकाश कमी शोषतं. पण हे सगळं करूनही एक सीमा उरते. तुमचा मूळचा गव्हाळ रंग आम्ही हिशोबात धरू शकतो. तो वर्षभर तोच असतो. उन्हाने चढलेला रंग मात्र धावत्या हिशोबातला आकडा आहे. तो परवापेक्षा आज वेगळा असतो, गुडघ्याच्या वर एक आणि खाली दुसरा असतो. "हिवाळ्यातच करा" ह्या सल्ल्याचा उगम इथे आहे. थंडीत लोक अंग झाकतात, ऊन तिरपं असतं, रापलेली त्वचा मूळ रंगावर येते. ह्यापलीकडे हिवाळ्यात काही जादू नाही.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते, सुरुवातीच्या वर्षांतली. एका बाईंच्या दोन्ही हातांचं दुसरं सिटिंग होतं. पहिलं थंडीत झालेलं आणि छान गेलेलं. दुसऱ्या वेळी मी फाइल उघडली, मागचे आकडे पाहिले आणि तेच यंत्रावर लावले. डावा हात व्यवस्थित पार पडला. उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, पाच-सहा शॉट झाले असतील, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, इकडे जास्त लागतंय." मी थांबले, दिवा जवळ ओढला, दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले. उजवा हात सरळ सरळ एक छटा गडद होता. मधल्या दोन महिन्यांत त्यांची नोकरी बदललेली, रोज दोन तास गाडी चालवणं, आणि खिडकीकडचा हात उजवा. त्या स्वतः म्हणत होत्या, "मी तर उन्हात गेलेच नाही." खोटं नव्हतं ते. काच बंद असायची. पण उन्हातल्या अतिनील किरणांपैकी (यूव्ही) यूव्ही-बी साध्या काचेत अडतं, यूव्ही-ए बऱ्याच प्रमाणात आत येतं, आणि रापायला तेवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी त्या हातावर टिपच्या मापाचे चौकोनी, विटकरी ठसे उमटले. आठवड्याने खपल्या, मग तपकिरी डाग. ते पूर्ण जायला जवळजवळ पाच महिने गेले आणि ते पाच महिने त्या पूर्ण बाह्यांचे कपडे घालून फिरल्या. तेव्हापासून मागच्या सिटिंगचे आकडे मी वाचते, पण आधी त्वचा पाहते आणि मगच बटणाला हात लावते.

म्हणूनच शीर्षकात घड्याळ आहे. कोणी "मी रापलेली नाही" म्हटलं की मी घड्याळ काढायला सांगते. पट्ट्याखालची त्वचा आणि बाजूची त्वचा सारखी दिसली तर पुढे जायचं. रेघ दिसली तर थांबायचं. घड्याळ नसेल तर दंडाची आतली बाजू आणि हाताची बाहेरची बाजू शेजारी धरून पाहायची. तुम्ही धावता, म्हणजे तुमच्या पायांवर बहुधा दोन रेघा असतील, एक शॉर्ट्सची आणि एक मोज्याची. त्या दोन रेघांमधली त्वचा हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

ह्यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. ऊन लागलं की रंग लगेच पूर्ण चढत नाही. त्वचा नवं मेलॅनिन करायला घेते, ते दोन-तीन दिवसांनी दिसू लागतं आणि पुढे आठवडाभर किंवा जास्तही गडद होत जातं. रविवारी दिवसभर उन्हात आणि मंगळवारी लेझरला, असा माणूस आरशात रापलेला दिसत नाही, पण त्याच्या रंगपेशी कामाला लागलेल्या असतात. अशा जाग्या झालेल्या पेशींवर लेझरची आग पडली की डाग धरायची शक्यता वाढते. वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे घेतो. म्हणून मी सिटिंगच्या आधी चार आठवडे त्या भागाला ऊन नको म्हणते, आणि नंतर किमान दोन. गव्हाळ ते सावळ्या वर्णाला नंतरचेही चार सांगते, कारण आपल्यासारख्या त्वचेला भाजण्यापेक्षा डागांचंच भय मोठं. बाटलीतून लावायचा कृत्रिम टॅन असेल तर तोही दोन आठवडे आधी बंद. तो वरच्या मृत थराला रंगवतो, पण प्रकाश अडवायला तोही पुरेसा असतो.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे "हिवाळ्यातच" म्हणणारे बघत नाहीत. केसांचं स्वतःचं एक वेळापत्रक असतं. प्रत्येक केस वाढतो, मग वाढ थांबते, मग तो विश्रांती घेतो आणि गळतो. लेझरचा घाव बसतो तो वाढत्या अवस्थेतल्या केसावर, कारण तेव्हाच तो मुळाशी नीट जोडलेला आणि रंगाने भरलेला असतो. पायांवर कुठल्याही एका दिवशी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा केस ह्या अवस्थेत असतात. बाकीचे झोपलेले. ते जागे होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढचं सिटिंग. चेहऱ्यावर हे चक्र भरभर फिरतं म्हणून चार ते सहा आठवड्यांनी बोलावतो, काखांना पाच-सहा आठवडे, पायांना आठ ते दहा.

हिशोब करून पाहा. सहा सिटिंग म्हणजे मधली पाच अंतरं. पायांना ते चाळीस ते पन्नास आठवडे होतात, आणि बऱ्याच जणींना सहाची आठही लागतात. इतका लांब हिवाळा कुणी पाहिलाय? कधीही सुरू करा, पायांचा कोर्स एका तरी उन्हाळ्यातून जाणारच. "एका थंडीत पूर्ण करून टाकू" असं कोणी सांगत असेल तर ते अंतरं दाटीवाटीने बसवतायत. त्यात झोपलेल्या केसांवर फुकट शॉट पडतात, दुसरं काही नाही. काखांना मात्र सहा सिटिंग पंचवीस ते तीस आठवड्यांत होतात आणि तिथे ऊन पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून काखा, बिकिनी लाइन, पोट असे झाकलेले भाग मी बारा महिने घेते. उन्हाळ्यात त्यांना त्रास होतो तो घामाचा. सिटिंगनंतर केसांच्या मुळाशी बारीक सूज असते, त्यावर घाम आणि घट्ट कपडे आले की पुळ्या येतात. एक-दोन दिवस धावणं, गरम पाणी, पोहणं आणि डिओडरंट बंद ठेवलं की ते निभतं. तुम्हाला हे दोन दिवस जड जातील, पण सहा आठवड्यांतून दोनच दिवस आहेत.

पायांसाठी मी कॅलेंडर उलटं मांडते. ज्या सिटिंगांमध्ये जास्त केस असतात ती थंडीत बसवायची. ती म्हणजे पहिली तीन. केस दाट असताना एकूण उष्णताही जास्त होते आणि चटक्याची जोखीमही तेव्हाच जास्त असते. उन्हाळा सरला, तुमच्या मोज्याची रेघ पुसट झाली, की पहिलं. मग आठ आठवड्यांनी दुसरं, सोळाव्या आठवड्यात तिसरं. चौथं येईल चोविसाव्या-सव्विसाव्या आठवड्याच्या आसपास, पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. तोपर्यंत केस विरळ आणि बारीक झालेले असतात, वाढही मंदावलेली असते, त्यामुळे पुढची अंतरं दहा-बारा आठवडे केली तरी बिघडत नाही. मधलं एखादं सिटिंग उन्हामुळे हुकलं तर रडू नका. जी मुळं निकामी झाली ती झाली, उशीर केल्याने ती परत जिवंत होत नाहीत. राहिलेल्यांची पाळी थोडी उशिरा येते इतकंच. रापलेल्या कातडीवर वेळेत सिटिंग घेण्यापेक्षा महिनाभर उशिरा घेतलेलं मला कधीही चालतं.

ऋतूंवरून एक विषयांतर. केसांची वाढही ऋतूप्रमाणे थोडी बदलते. १९९१ साली इंग्लंडमधल्या १४ पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दाढीची वाढ जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत कमी आणि जुलैत त्याहून सुमारे ६० टक्के जास्त भरली होती. वाचायला मजेशीर आहे, पण ह्या आकड्यावरून पायांच्या लेझरची तारीख कुणी ठरवू नये.

हिवाळ्याबद्दलची गाफिली मला उन्हाळ्यापेक्षा जास्त छळते. उन्हाळ्यात लोक निदान घाबरून असतात. थंडीत "ऊन कुठे आहे?" म्हणून सनस्क्रीन कपाटात जातं. ढगांतूनही यूव्हीचा मोठा वाटा खाली येतो. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो आणि दर हजार मीटर उंचीला यूव्ही साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. डोंगरात बर्फावर चार दिवस घालवून आलेला चेहरा समुद्रकिनाऱ्यावरून आलेल्या चेहऱ्याइतकाच रापलेला असू शकतो, फक्त माणसाला ते पटत नाही. म्हणून मी महिना बघायचं सोडून यूव्ही निर्देशांक, म्हणजे त्या दिवशीचं यूव्ही किती तीव्र आहे ते सांगणारा आकडा, बघायला सांगते. तो तीन किंवा वर असेल त्या दिवशी उघड्या भागाला संरक्षण हवं, मग बाहेर स्वेटर घालायची वेळ असो. एसपीएफ ३० नीट लावलं तर सुमारे ९७ टक्के यूव्ही-बी अडतं, ५० वाल्याने ९८. फरक एकाच टक्क्याचा. खरा फरक लावण्याच्या प्रमाणात आणि दर दोन तासांनी परत लावण्यात पडतो. धावताना घामाने ते वाहूनच जातं, म्हणून धावणाऱ्यांना मी क्रीमपेक्षा पूर्ण लांबीची ट्रॅक पँट सांगते. कापड घामाने उतरत नाही.

जिथे वर्षभर कडक ऊन असतं तिथे काय करायचं, असा उपप्रश्न हमखास येतो. तिथे यंत्राची निवड ऋतूपेक्षा महत्त्वाची. अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटरचं, डायोड साधारण ८०० ते ८१०, एनडी-याग १०६४. गोऱ्या त्वचेवर अलेक्झांड्राइट उत्तम काम करतं. सावळ्या त्वचेला एनडी-याग सर्वांत निर्धास्त, फक्त ते बारीक केसांवर थोडं कमी पडतं आणि लागतंही जास्त. तुमच्या गव्हाळ रंगाला डायोड किंवा याग, दोन्ही चालतील. आयपीएल म्हणजे लेझर नव्हे. त्यात अनेक तरंगलांब्यांचा प्रकाश एकत्र येतो. ऊन लागलेल्या सावळ्या त्वचेवर मी ते वापरत नाही. आणि याग आहे म्हणून रापलेल्या त्वचेवर बेधडक चालवा, असाही अर्थ काढू नका. सीमा थोडी सरकते, पुसली जात नाही.

काही गोष्टी ऋतूच्या आधी विचारायच्या असतात. डॉक्सिसायक्लिनसारखी त्वचेला उन्हासाठी हळवी करणारी औषधं चालू आहेत का? मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर पूर्वी सरसकट सहा महिने थांबवत. आता तो नियम तितका कडक राहिलेला नाही, पण डॉक्टरांना सांगायलाच हवं. गरोदरपणात आम्ही पुढे ढकलतो, धोका सिद्ध झालाय म्हणून नव्हे तर पुरेसा अभ्यास नाही म्हणून. तुम्ही चेहऱ्याचं विचारलेलं नाही, तरी उद्या विचाराल म्हणून सांगते: चेहऱ्याला ऊन चुकवता येत नाही, शिवाय हनुवटीवरचे केस हार्मोन्समुळे असतील तर कोणत्याही ऋतूत केलं तरी नवे येत राहतात. जबडा आणि मानेवर क्वचित लेझरने उलट लव वाढल्याचंही दिसतं, आणि हे आपल्यासारख्या वर्णांत जास्त आढळतं. तो निर्णय तपासणीनंतरचा.

आता तुमचं वेळापत्रक. गेल्या आठवड्यातलं वॅक्सिंग पायांचं होतं, त्यामुळे काखांना अडचण नाही. काखा तुम्ही वॅक्स करत असाल तर शेवटच्या वॅक्सिंगपासून चार ते सहा आठवडे मोजा. मूळच उपटलेलं असेल तर लेझरने तापवायचं काय? ह्यापुढे फक्त रेझर. आदल्या संध्याकाळी दाढीसारखं साफ करून या. वर केस उरले तर ते तिथल्या तिथे जळतात, वास सुटतो आणि त्वचेला चटका बसतो तो वेगळाच. सिटिंग नीट झालं की दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक केसाभोवती काटा आल्यासारखा बारीक लालसर फुगवटा दिसतो. तो दिसावाच लागतो, घाबरू नका. पुढे एक ते तीन आठवड्यांत केस वाढल्यासारखे वाटतात आणि हलक्या हाताने चोळलं की काळे ठिपके गळून येतात. ते उपटायचे नाहीत.

असं आता सुरू केलंत तर उन्हाळा लागेपर्यंत काखांची दोन सिटिंग होतील. काखा झाकलेल्या असतात म्हणून त्यांना चारऐवजी दोन आठवडे पुरतात: समुद्रावर जायच्या आधी दोन आठवडे आणि परतल्यावर दोन आठवडे काखांची तारीख घेऊ नका. तिथे हात वर करून पडून राहिलात तर परतल्यावर चार. पायांची तारीख आता मागूच नका. दरम्यान त्यांना रेझरवर ठेवा, सकाळच्या धावण्याला लांब पँट घाला. उन्हाळा संपल्यावर मोज्याच्या रेघेवर अंगठा ठेवून वर-खाली पाहा. रेघ शोधावी लागली की फोन करा.

आणि त्या फोनवर दोन गोष्टी विचारा: यंत्र किती नॅनोमीटरचं आहे, आणि आधी पायाच्या एका कोपऱ्यावर टेस्ट पॅच करून किमान दोन दिवस थांबाल का. "उद्यापासून सुरू करू" म्हणणाऱ्यांनी तुमच्या पायांकडे नुसतं पाहिलं तरी होतं का, हे तुमच्या प्रश्नात लिहिलेलं नाही. पाहिलं नसेल तर दुसऱ्या क्लिनिकबद्दलचं माझं मत तुम्ही ओळखलंच असेल.